साडीवरचा फुल शर्ट आणि मेडिकलमधली ट्यूब

ताई,

उन्हाळ्यातल्या त्वचेच्या त्रासाबद्दल मी लिहिलं त्यावर तुम्ही सेनगावकडून चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोनदा आंघोळ करा म्हणणाऱ्याला टँकरसमोर घागरी घेऊन उभं राहावं लागत नाही, आमच्या आज्यांचा जन्म सनस्क्रीनवाचून गेला, मेडिकल चालवणारा माणूस पावडरीला नावं ठेवून शेवटी क्रीमच खपवणार, आणि मेडिकलमधली ट्यूब लावली की नायट्याची खाज चार दिवसांत थांबते, तर डॉक्टर कशाला? त्याच प्रतिक्रियेत खाली लिहिलंय की मुलाच्या मांडीवरचा चट्टा मात्र काही केल्या जात नाही आणि आता कमरेपर्यंत आलाय. तिकडं येतोच. आधी पाणी.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा बादल्यांनी आंघोळ करा असं आपल्याकडं कुणी सांगणार नाही. घामोळ्या येतात त्या घामाच्या नळ्यांची तोंडं बुजल्यामुळं. घामाला बाहेर यायला वाट मिळत नाही, तो कातडीच्या आतच झिरपतो आणि लाल, टोचणारं पुरळ उठतं. म्हणजे घाम आणि धूळ अंगावर बसू द्यायची नाही, एवढंच काम आहे, आणि ते तांब्याभर पाण्यात होतं. जुना मऊ पंचा भिजवून पिळा, मान, काखा, पाठ, जांघा पुसा आणि वारा लागू द्या. साबण एकदाच, तोही थोडा. लहान बाळाच्या मानेच्या वळ्या नुसत्या वरून पुसून भागत नाही. हनुवटी हलकेच वर करून एकेक वळी उघडायची, आत दुधाचा नि घामाचा पांढुरका थर असतो तो टिपायचा आणि मग कोरड्या कापडानं तीच वळी पुन्हा टिपायची. ही दुसरी टिपणी राहते आणि तिथंच कातडी लाल होते.

पावडर याच कारणासाठी नको. घामावर टाकली की तिचा लगदा होतो आणि वळीत जाऊन बसतो. शिवाय डबा झटकताना उडालेली भुकटी बाळाच्या श्वासातून आत जाते, ते निराळंच. मे महिन्यात बाळाला तेल चोपडून टोपरं, झबलं, वर दुपटं गुंडाळणाऱ्या आज्यांशी भांडायची माझी हिंमत नाही, पण नवजात बाळाच्या घामाच्या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. त्याला एक सुती झबलं पुष्कळ झालं.

कूलरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण आमच्या काउंटरवर घामोळ्यांची तक्रार घेऊन येणाऱ्यांत कूलरवाली घरं कमी नसतात. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथं छान चालतो. पण दारं-खिडक्या लावून घेतल्या की खोलीतली हवा ओली होते, घाम वाळत नाही, आणि थंड वाटत असूनही अंग चिकट राहतं. समोरची एक खिडकी उघडी ठेवा.

आता आज्या. आजीनं सनस्क्रीन लावलं नाही हे खरं, पण ती उघडी हिंडली कुठं? डोक्यावरून पदर, दंडाखाली येणारी चोळी. आजही वसमत भागात हळद काढायला जाणाऱ्या बाया बघा: साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल. घट्ट विणीचं कापड ऊन जितकं अडवतं तितकं घाईत बोटभर फासलेलं क्रीम अडवत नाही. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेला असतो, तेवढं कुणी लावत नाही. म्हणून शेतात राबणाऱ्याला मी आधी शर्टच सांगेन. सनस्क्रीन उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला नि मानेला, दर दोन तासांनी आणि फार घाम आला की पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावूच नका, त्याला सावलीत ठेवा. सावळ्या कातडीला उन्हाचं संरक्षण थोडं जास्त असतं, पण चट्टे आणि काळवंडणंही तिलाच जास्त. आणि मेच्या मध्यावर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, अगदी शून्य सावली पडते. तेव्हा अकरा ते चार हे ऊन कुणाच्याच कातडीला सोसणारं नसतं.

घरगुती उपायांबद्दल तुम्हाला वाटतो तितका माझा राग नाही. मुलतानी माती लावा, वाळायच्या आत धुऊन टाका. निंबाच्या पाल्याचं पाणी अंगावर घ्यायलाही हरकत नाही, मात्र नायटा त्यानं जाणार नाही. फक्त लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी पोळते आणि तिथं काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. आंब्यानंही कातडी पोळते, पण ती उन्हामुळं नाही, बिब्ब्यासारख्या चिकामुळं. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. चोखून आंबा खाणाऱ्या पोरांच्या ओठांच्या कडेला जे फोड येतात ते 'आंब्याच्या उष्णतेनं' नाही, देठाच्या चिकानं. आंबे पाण्यात टाकून ठेवायची आणि देठाजवळचा चीक पिळून टाकायची आपली जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची.

आणि आता ती ट्यूब. तुमच्या मुलाला ज्यानं दिली त्या दुकानाबद्दल मला बोलायचं नाही. पण अशा बहुतेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड असतं. खाज थांबते ती स्टिरॉइडनं, कारण ते कातडीची प्रतिकाराची ताकदच दाबून टाकतं, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. नायट्याची गोल कड पुसट होते, तो पसरत जातो, जांघेतली कातडी पातळ होऊन तिथं पांढऱ्या रेघा उमटतात, आणि त्या रेघा मग पुसल्या जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली ती उगाच नाही. मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यामुळं रोज गिऱ्हाईक परत जातं. धंदाच करायचा असता तर ही ट्यूब सनस्क्रीनपेक्षा दसपट खपली असती.

नायट्याचं साधं औषध आठवडेच्या आठवडे लावावं लागतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. आता औषधाला दाद न देणारी बुरशीही आपल्या देशात पसरलीय, म्हणून अर्धवट सोडणं जास्तच महागात पडतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्याचाही इलाज बरोबरच व्हायला हवा. टॉवेल वेगळा. घट्ट जीन्स दुपारी तरी नको. आतले कपडे ओढणीखाली झाकून सावलीत वाळत घालायची आपल्याकडची सवय मोडा, ते उलटे करून कडक उन्हात टाका. एवढं फुकटचं ऊन दुसरीकडं कुठं मिळणार!

आता तुम्ही विचाराल, ट्यूब आजच बंद करू का? फार दिवस लावलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं की लाली आणि खाज उसळून येते, आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. म्हणून याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही त्यांची ओपीडी असते. जाताना ती ट्यूब खोक्यासकट न्या. नुसतं 'पांढरी क्रीम लावत होतो' सांगितलं तर आत काय होतं हे त्यांनाही कळणार नाही.