नेट गेलं तरी घर चालू

गेल्या आठवड्यात नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत रस्ता खोदताना फायबर तुटली आणि अडीच दिवस नेट नव्हतं. त्या अडीच दिवसांत रोजच्यासारखं सकाळी नळाला पाणी आलं, खालची टाकी भरत आली तशी मोटर सुरू झाली, वरची टाकी भरल्यावर बंद झाली. सूर्यास्ताला देवघरातला दिवा लागला. रात्री जिन्यावर पाय ठेवला की उजेड होत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं हाक मारली, "अरे, मोबाईलवर कीर्तन का लागत नाहीये?" घरात नेट नाही हे तिला तेव्हा कळलं.

२०२०च्या लॉकडाऊनपासून मी ज्यासाठी इतके रविवार घातले, ते हेच: नेटशिवाय आपोआप चालणारं घर. लोक विचारतात, "मोबाईलवरून एसी लावता येतो का?" येतो. पण ते माझ्या लेखी फार दुय्यम आहे. माझ्या घरातला दिवा लागावा म्हणून हजारो किलोमीटरवरच्या कुणाचा तरी सर्व्हर जिवंत असावा लागणं, हे मला पटत नाही. घर स्मार्ट आहे की नाही हे तपासायची माझी परीक्षा एकच: राउटरमागची नेटची केबल काढा आणि एक दिवस राहून बघा.

सुरुवात मीही सगळ्यांसारखीच केली. एका कंपनीची चार वाय-फाय स्विचं आणली, ॲप टाकलं, खातं उघडलं. दीड वर्षानं कंपनीनं ते ॲप बंद केलं. स्विच शाबूत, वायर शाबूत, भिंतीत वीज आहे, पण हुकूम देणारा दुकान बंद करून गेलेला. असं होणारा मी काही एकटा नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा जवळपास ३०० डॉलरचा होम हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारा डबा, मिळायचा. गुगलच्या नेस्टनं २०१४मध्ये ती कंपनी घेतली आणि मे २०१६मध्ये हब चालवणारा सर्व्हरच बंद केला. एप्रिल २०२२मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर तर गिऱ्हाइकांना काही न सांगता बंद पडले. आणि गेल्या वर्षी, २० ऑक्टोबर २०२५ला, आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या दुपारी ॲमेझॉनच्या एका क्लाउड केंद्रात डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, घोळ झाला आणि जगभरातल्या कित्येक घरांतली दारावरची घंटा, कॅमेरे आणि स्मार्ट पलंगसुद्धा अडकून बसले. पलंगसुद्धा!

माझी ती चार स्विचं मी फेकली नाहीत. उघडली, तर आत ईएसपी८२६६ नावाची वाय-फाय चिप निघाली. तिच्यात टास्मोटा नावाचं मोफत, खुलं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. (कुणी करून बघणार असेल तर हात जोडून सांगतो, स्विच भिंतीतून काढून टेबलावर आणा आणि मगच ३.३ व्होल्टवर कॉम्प्युटरला जोडा. २३० व्होल्ट चालू असताना त्या पिनांना हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.) आज ती स्विचं कुठल्याही कंपनीला काही विचारत नाहीत. माझ्या माळ्यावरच्या छोट्या कॉम्प्युटरशी बोलतात, बस.

हा कॉम्प्युटर सातपूरच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला, डब्याएवढा. साधारण १० वॅट खातो, म्हणजे महिन्याला सात युनिट. आधी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर होता, मेमरी कार्डवर चालणारा. जूनमधल्या पहिल्या वादळात दिवसभर लाईटची ये-जा झाली आणि कार्ड गेलं, दोन वर्षांच्या नोंदी घेऊन गेलं. तेव्हापासून एसएसडी, राउटर आणि कॉम्प्युटर दोघांना छोटा यूपीएस, आणि रोज रात्री बॅकअप. त्यावर चालतं होम असिस्टंट, घरातली सगळी उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. २०१३मध्ये पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केलेला हा खुला प्रकल्प २०२४पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. उद्या कुणी मोठी कंपनी येऊन हे विकत घेईल आणि गुंडाळून टाकेल, ही वाट बंद केलेली आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते टाकीनं. पहिल्यांदा मी झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. आवाजाची लाट पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पातळी काढायची. कागदावर सुंदर. पण दुपारी टाकी तापली की झाकणाच्या आत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब जमतात आणि आकडे उड्या मारायला लागतात. शिवाय पाणी सेन्सरच्या वीस-पंचवीस सेंटिमीटर जवळ आलं की त्याला काही दिसतच नाही. म्हणजे टाकी भरत आली, नेमकी तेव्हाच तो आंधळा. त्यात मोटर एका छोट्या दहा अँपिअरच्या रिलेवर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, होती. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. एका एप्रिलच्या सकाळी त्या रिलेचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले. 'बंद हो' हा हुकूम जात होता आणि मोटर चालूच. आम्ही सगळे लग्नाला गेलेले. दीड तास पाणी स्लॅबवरून वाहत राहिलं, खाली शेजारच्या काकू ओरडत होत्या. गंगापूर धरणातल्या पाण्याचा टक्का रोज पेपरात बघण्याचे ते दिवस. त्या पाण्याची खंत मला अजून आहे.

आता मोटरला कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा दणकट रिले) आहे आणि वरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा साधा वायरचा फ्लोट. टाकी भरली की फ्लोट थेट कॉन्टॅक्टरची लाईन तोडतो. मध्ये कॉम्प्युटर नाही, वाय-फाय नाही. सेन्सर आहे, पण तो फक्त मोबाईलवर आकडा दाखवायला. ज्या गोष्टीनं नुकसान होऊ शकतं तिचा लगाम सगळ्यात साध्या वस्तूच्या हातात ठेवायचा, हे मी या टाकीपाशी शिकलो. नाशिककराला हे समजायला जड जाऊ नये. पूर किती आला हे आपण आजही गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठं लागलं त्यावरूनच सांगतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्याला ना बॅटरी लागते ना पासवर्ड.

आणि खरं सांगायचं तर ऑटोमेशन आपल्या भागात शहरातल्या हौशी लोकांनी आणलेलं नाही, ते शेतकऱ्यांनी आणलं. निफाड तालुक्यात माझा मावसभाऊ द्राक्षं करतो. थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात थंडीत तीन वाजता उठून, उसाच्या कडेनं, बिबट्याची भीती मनात ठेवून विहिरीवर जायचं. म्हणून त्यानं स्टार्टरच्या पेटीला सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर कधीच बसवला. घरून फोन लावला की मोटर सुरू. पण पेटीवरची हिरवी-लाल बटणं तशीच ठेवली. सिमला रेंज नसेल, कुणी मजूर शेतात असेल, तर बटण दाबून काम होतं. माझ्या घरातही म्हणूनच भिंतीवरचं एकही बटण मी काढलेलं नाही. पाहुण्याला दिवा लावायला मोबाईल मागावा लागत असेल, तर ते घर बिघडलेलं आहे असं मी समजतो.

त्याच मावसभावाची दुसरी गोष्ट मात्र दुखरी आहे. त्यानं बागेत एका कंपनीचं हवामान केंद्र बसवलं होतं. गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती) पानं किती वेळ ओली राहिली यावर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका ठरतो, तेव्हा ही नोंद म्हणजे फवारणीचा सगळा हिशेब. एका वर्षी माल पडेल भावात गेला, त्यानं वर्गणी भरली नाही. ॲप बंद झालं ते झालंच, पण मागच्या तीन हंगामांच्या नोंदीही दिसेनाशा झाल्या. तो मला म्हणाला, "पाऊस माझ्या शेतात पडला, अन् त्याची वही त्यांच्याकडं." डिजिटल स्वातंत्र्यावर मी इंग्रजीतून बरंच वाचलंय, पण याच्याइतकं नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही. आता त्याच्या बागेत ईएसपी३२ या तशाच चिपवर तापमान, आर्द्रता आणि पाऊस मोजणं चालू आहे. नोंदी त्याच्याच घरच्या कॉम्प्युटरवर, साध्या तक्त्यात. पानांच्या ओलाव्याचा सेन्सर अजून नीट जमलेला नाही, त्यावर काम चालू आहे.

माझ्या घरातली उपकरणं एकमेकांशी एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं बोलतात. १९९९मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी ती बनवली गेली, महागड्या आणि तुटक सॅटेलाइट लिंकवर चालेल अशी. तिच्यात एक सोय आहे जिच्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. प्रत्येक उपकरण जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र जमा करून ठेवू शकतं: 'मी अचानक गेलो, तर हा निरोप सगळ्यांना द्या.' शंभर-दोनशे रुपयांच्या चिपला हे सुचलेलं आहे. आमच्या बाबांना सुचलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही.

बाबा २०२२मध्ये गेले. त्यांचे सगळे फोटो एका कंपनीच्या क्लाउडवर होते. द्राक्षाची पहिली पेटी, ऑगस्ट २०१९च्या पुरात घाटावर उभं राहून काढलेला दुतोंड्या मारुती, माझी लेक चार दिवसांची असताना त्यांच्या मांडीवर. त्यांच्या फोनचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. दिवसकार्य, बँक, वारस नोंद या धावपळीत त्यांचं सिम रिचार्ज करायचं राहिलं आणि नंबर बंद झाला. मग ओटीपी येणार कुठं? मृत्यूचा दाखला जोडून तीनदा अर्ज केले. तीनदा तेच ठरीव उत्तर आलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून थोडेफार फोटो गोळा केले, धूसर झालेले. मारुतीचा सापडला. मांडीवरचा नाही.

त्यानंतर मी दिव्यांचं काम बाजूला ठेवलं आणि आधी फोटो घरी आणले. इमिच नावाचं खुलं सॉफ्टवेअर त्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. रात्री सगळ्यांचे मोबाईल घरच्या वाय-फायवर आले की फोटो आपोआप त्यात जातात. चेहरे ओळखायचं कामही घरातच होतं. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी कपाटातल्या डिस्कवर, तिसरी कुलूपबंद करून नाशिकरोडला बहिणीच्या घरी. घरी सर्व्हर चालवायचा म्हणजे बॅकअपची जबाबदारी आपली. ती घ्यायची नसेल तर फोटो क्लाउडवरच ठेवा, हे मी मित्रांना स्पष्ट सांगतो. पण मग निदान एवढं आजच करा: गुगलच्या खात्यात 'निष्क्रिय खातं' ठरल्यावर माहिती कुणाला द्यायची हे नोंदवायची सोय २०१३पासून आहे, ॲपलनं डिसेंबर २०२१मध्ये तशी सोय दिली. आपल्या २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यातही वारसासारखी व्यक्ती नेमण्याचा हक्क लिहिलेला आहे. आईवडिलांच्या शेजारी बसून ते भरून घ्या. दहा मिनिटं लागतात.

सगळंच घरी आणता येतं असा माझा दावा नाही. ईमेल मी स्वतः चालवत नाही. घरच्या आयपीवरून, म्हणजे घरच्या नेटच्या पत्त्यावरून, पाठवलेली पत्रं स्पॅममध्ये जातात आणि बँकेचं पत्र हरवणं परवडत नाही. टाकी भरल्याची सूचना मोबाईलवर येते तीही गुगल-ॲपलच्या रस्त्यानंच येते. घरगुती ब्रॉडबँडला स्वतःचा पत्ता बहुधा मिळत नाही, अख्ख्या वस्तीमागे एकच पत्ता असतो, म्हणून बाहेरून घरी जोडायला मी टेलस्केल नावाची सेवा वापरतो. ती पुन्हा एक कंपनीच. पण उद्या ती गेली तर मी फक्त बाहेरून घर बघू शकणार नाही, घर चालायचं थांबणार नाही. परावलंबन मोजायचं ते या मापानं. आणि कृपा करून राउटरचे पोर्ट (नेटवरून घरात शिरायच्या वाटा) उघडे टाकू नका, कॅमेऱ्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं नेमके असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन ट्विटर-नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास पाडल्या होत्या.

एक काम मात्र मला उशिरा सुचलं. बायको एकदा म्हणाली, "हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. तुला काही झालं तर मी मोटर कशी लावू?" बाबांच्या फोनसारखंच कुलूप मीही बनवत होतो. मग दोनशे पानी वही आणली. कुठला स्विच कशाला जोडलाय, पासवर्डचं पाकीट कुठं आहे, बॅकअप परत कसा आणायचा, आणि सगळं काढून साधं घर कसं करायचं, सगळं मराठीत. स्क्रीनवरची नावंही बदलली: 'टाकीची मोटर', 'देवघर', 'मागचं अंगण'. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मुद्दाम कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर जाऊन बसलो. तिनं वही उघडून, नव्या डिस्कवर सगळं परत उभं केलं. दोन तास वीस मिनिटं लागली. तीन ठिकाणी माझं लिहिणं चुकलं होतं, तिनं लाल पेननं दुरुस्त केलंय.

नाशिकात कुणाकडे जुना लॅपटॉप किंवा ऑफिसचा छोटा कॉम्प्युटर पडून असेल आणि असं काही करायचं असेल तर मेसेज करा. रविवारी सकाळी मी घरी असतो. येताना फोटोंची डिस्क घेऊन या, आधी तिची दुसरी प्रत काढू, बाकीचं मग बघू.