‘दरडोईचा आडोसा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

भारत आणि अमेरिकेच्या शेतीतून किती हरितगृह वायू हवेत जातात, याची तुलना मी मागच्या लेखात केली होती. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक कॉमेंट आली आहे. तिच्यातले मुद्दे असे: लेखकाने दरडोईचा आडोसा घेऊन भारताला साधू ठरवलंय, लिटरमागे हिशेब केला तर आपलं दूध अमेरिकेच्या दुधापेक्षा जास्त मिथेन सोडतं, ऊसपट्ट्यात राहून पाचट जाळण्यावर लेखक गप्प आहे. आणि शेवटी, ‘रंकाळ्यावर भेळ खात गुरांवर लिहिणाऱ्यांनी आयुष्यात कधी शेण काढलंय का?’

साहेब (की बाईसाहेब? नाव झाकल्यावर कळायचं कसं), शेणापासूनच सुरू करू.

मी करवीर तालुक्यातला. भोगावतीकाठी घर, घराला लागून गोठा. शाळेआधी वैरण टाकायची, शेण उकिरड्यावर न्यायचं आणि किटली घेऊन डेअरीला पळायचं, ही माझी सकाळ. फॅट कमी लागली की घरात कुणाचं तोंड कसं व्हायचं तेही आठवतं. तोडीच्या दिवसांत गुरांपुढे उसाचं वाडं, एरवी कडबा, आणि सरकी पेंड धारेपुरती. असला चारा पचायला जड. तो पोटात जितका रेंगाळतो तितका मिथेन जास्त बनतो आणि ढेकरांवाटे बाहेर येतो. ढेकरांवाटे, बरं का. गुरं हा वायू मागच्या बाजूने सोडतात असा जो विनोद तुम्ही कॉमेंटमध्ये केलाय, तो तिथेच फसला. शेण काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आता ‘आडोसा’. हा शब्द मला लागला, लपवत नाही. आडोसा घेतो तो चोर. मी कुठलाही आकडा लपवलेला नाही. आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबात शेतीचं वर्षाचं उत्सर्जन 40 कोटी टनांच्या आसपास आहे, कार्बन डायऑक्साइडच्या तोलाने (म्हणजे प्रत्येक वायूची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजून). अमेरिकेचं 60 कोटींच्या आसपास. हे दोन्ही आकडे लेखात वरच होते, दरडोईच्या आधी. खायला आपण 140 कोटी, ते 33 कोटींच्या घरात. म्हणजे आपल्याकडे माणशी 300 किलोच्या आसपास आणि त्यांच्याकडे 1,800. बारा माणसांच्या घराचा किराणा दोघांच्या घराशी ताडताना माणसं मोजायची नाहीत, असा तुमच्याकडे रिवाज असेल तर सांगा.

तुम्ही म्हणाल, मिथेनचा गुणक बदला. बदलू की! आयपीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या) दुसऱ्या अहवालात मिथेन तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 21 पट धरलाय, चौथ्यात 25, पाचव्यात 28. कोणता देश कोणता गुणक वापरतो यावर बेरीज हलते, आणि आपलं निम्म्याहून जास्त उत्सर्जन जनावरांच्या पोटातून येत असल्याने आपली जरा जास्तच हलते. अमेरिकेत मोठा वाटा मातीतून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा, आणि नत्रखत हे त्याचं एक मोठं कारण. समजा आपला सगळाच आकडा 21 वरून 28 च्या हिशेबाने फुगवला, म्हणजे 40 चे 53 केले. तरी भागायचं 140 नेच. माणशी 380 किलो. 1,800 च्या शेजारी ठेवून बघा आणि मग आडोसा कुणाला लागतो ते बोला.

आणखी एक. ट्रॅक्टरचं डिझेल, मोटारीची वीज, युरियाचा कारखाना हे सगळं या ‘शेती’त धरत नाहीत, ते ऊर्जा आणि उद्योगाच्या खात्यावर जातं. आपल्याला तसं आणि त्यांनाही तसंच. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंच नाही बहुतेक.

लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, हे मात्र मान्य. ‘जगात भारी’ म्हणायची आमची खोड आहे.

राहिलं लिटरमागचं दूध. आपल्याकडे गाई-म्हशी मिळून 30 कोटींवर (2019 ची पशुगणना), अमेरिकेत गाईगुरं सुमारे 9 कोटी. आपलं दूध 24 कोटी टनांच्या आसपास, त्यांचं 10 कोटी. आमच्या दावणीला एक म्हैस कायम भाकड असायची. ती दूध देत नव्हती, पण ढेकर देतच होती. तेव्हा लिटरमागे आपला आकडा चढणारच, त्यात तुम्ही कसला शोध लावलात? दुधाचा हिशेब आणि देशाचा हिशेब वेगळे, माझा लेख देशाचा होता. इतकंच.

पाचटाचं म्हणाल तर शेतातला पालापाचोळा जाळण्याचा वाटा शेतीच्या एकूण उत्सर्जनात दोन टक्क्यांच्या आसपास. जाळू नये, जमीन खराब होते, आम्ही कुजवतो. शेजाऱ्याचं मला विचारू नका.

कॉमेंट मी काढलेली नाही, खाली तशीच आहे. पुढची टाकाल तेव्हा खरं नाव घाला, म्हणजे अहो म्हणायचं की अगं ते तरी ठरवता येईल. बाकीच्या वाचकांना उत्तरं रात्री देतो. तोडणीची टोळी आलीय, मला रानात जायचंय.