तुम्हाला परत पाठवलं नव्हतं, सर

नमस्कार सर,

आमच्या आयकिडो या जपानी मार्शल आर्टच्या क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. सगळ्यांसमोर अपमान झाल्यासारखं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नोकरी आणि घर सांभाळून चाळिशीत कोणी आयकिडो शिकायला येतो, तेव्हा त्याला दुखवावं असं माझ्या मनातही येणार नाही.

पण 'दहा मिनिटं उशीर झाला म्हणून दारातूनच परत पाठवलं, फी मात्र पूर्ण घेतली' असं तुम्ही लिहिलंय. ते तसं घडलेलं नाही. आमची बॅच सातला सुरू होते. त्या बुधवारी तुम्ही आलात तेव्हा साडेसात वाजत आले होते, रजिस्टरमध्ये तुमच्याच हाताने वेळ लिहिलेली आहे. मी म्हटलं, 'सर, आज कडेला बसून बघा, बघूनही बरंच कळतं.' घरी जा असं मी म्हटलं नाही. थोड्या वेळाने तुम्हाला फोन आला, तुम्ही बोलत बोलत बाहेर गेलात आणि आलाच नाहीत. मला वाटलं, ऑफिसचं काही काम निघालं असेल.

उशिरा आलेल्याला मॅटवर का घेत नाही, हे नीट सांगायलाच हवं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मनगटं, खांदे, मान, गुडघे मोकळे करायचे असतात आणि मग उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यायची. पुढची गोलांटी कण्यावरून सरळ जात नाही, तिरपी जाते: उजवा हात, उजवा खांदा, तिथून पाठीवरून डाव्या कुल्ल्याकडे. डोकं मॅटला टेकूच द्यायचं नाही. लहान मुलं हे चार दिवसांत उचलतात. दिवसभर खुर्चीवर बसून, ट्रॅफिकमधून गाडी चालवत आलेल्या माणसाची मान मात्र ताठलेली असते. तो तसाच येऊन शिहोनागे या फेकीच्या डावाला उभा राहिला तर काय होतं? त्यात हात खांद्यामागे दुमडला जातो आणि माणूस थेट मागे पडतो. अंग तयार नसेल तर डोक्याची मागची बाजू आपटते. त्या दिवशी शिहोनागेच चालू होतं. मी तुम्हाला उभं केलं असतं आणि काही झालं असतं, तर तुमच्या घरच्यांना मी काय उत्तर दिलं असतं?

हा नियम तुमच्यासाठी काढलेला नाही. आमच्याकडे बँकेतल्या एक ताई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनाही उशीर झाला की त्या मुकाट्याने कडेला बसतात.

'नुसतं पडायलाच शिकवतात' हेही मनाला लागलं. पहिल्या आठवड्यातच तुम्हाला तेनकान, म्हणजे पायावर वळून बाजूला होणं, दाखवलं, इक्क्यो या पहिल्या डावाची सुरुवात करून दिली. टूर्नामेंट नाही, मेडल नाही ही तक्रार असेल तर ती मला दूर करता येणार नाही. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी स्पर्धा ठेवल्याच नाहीत आणि टोकियोच्या होम्बु डोजोच्या, म्हणजे आयकिडोच्या मुख्य केंद्राच्या परंपरेत आजही त्या नसतात. आम्ही तीच परंपरा शिकवतो आणि चौकशीला आलेल्या प्रत्येकाला हे फी घेण्याआधी सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं.

गरमीचं म्हणणं मान्य आहे. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्याच असतात. पण कूलर मॅटच्या जवळ आणला की मॅट ओलसर होतो आणि पाय सरकतो, म्हणून तो लांब ठेवलाय. त्याचं काहीतरी करतोय.

फीबद्दल इतकंच की तुम्ही ती कधी परत मागितलीच नाही. एक फोन केला असता तर मी बोललो असतो, आजही बोलेन. 'पैसे उकळतात' हा शब्द मात्र फार झोंबला, सर. कराटे, तायक्वांदो लोकांना माहीत आहे. आयकिडो म्हणजे काय, हे आम्हाला प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, आणि लोक आधी स्टार बघतात, मग फोन करतात. हॉलचं भाडं त्या फोनांवरच निघतं.

मिहान, बुटीबोरीकडून येणाऱ्यांना सात गाठणं जड जातं, हे मला कळतं. थोडी उशिराची बॅच काढायचा विचार चालू आहे, हॉलवाल्यांशी बोलून कळवतो. तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार सात वाजता तुमच्यासाठी जागा आहेच, आणि राहिलेले दिवस पुढच्या महिन्यात भरून देईन. स्टार तुम्हाला वाटतील तेवढे ठेवा. फक्त 'दारातूनच परत पाठवलं' ही ओळ तेवढी दुरुस्त करा, ही हात जोडून विनंती.