एका ओळीवरून ‘औदुंबर’: आक्षेपाला उत्तर

नमस्कार. एका आजींनी अर्धवट आठवणाऱ्या ओळीवरून कवितेचं नाव विचारलं आणि मी ‘औदुंबर’ असं सांगितलं, हे माझ्या लेखात वाचून तुम्ही आक्षेप घेतलात. तो थोडक्यात असा: आजींनी विचारलेले शब्द होते ‘पाय सोडुनी जळात बसला’, आणि त्यांना आठवत होता पाण्याकाठचा कुणी म्हातारा. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये ना ‘सोडुनी’ आहे, ना म्हातारा. मग एवढ्याशा तुकड्यावरून मी छातीठोकपणे नाव कसं सांगितलं?

शब्द वेगळा आहे, मान्य. मूळ ओळ ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ अशी आहे. पण बोलताना आपण पाण्यात पाय ‘सोडून’ बसतो. ‘टाकुनी’च्या मात्रा पाच (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन), ‘सोडुनी’च्याही पाचच. म्हणजे चाल जराही न अडखळता बोलीतला शब्द कवितेतल्या शब्दाच्या जागी येऊन बसला. कानावरून पाठ झालेल्या कवितेत हे फार होतं. म्हणून मी आधी मात्रा मोजतो, शब्द नंतर ताडून पाहतो.

म्हाताऱ्यामुळे तुम्हाला शंका आली. माझी खात्री मात्र त्यानंच वाढली. बालकवींनी झाडाला पाय दिले, त्याला पाण्यात बसवलं. त्या बसण्यात कुणाला विरक्ती दिसली, कुणाला उदासी; या आठ ओळींवर समीक्षकांनी किती लिहिलंय! आजींच्या मनातून झाड गेलं आणि बसलेला माणूस तेवढा उरला. मला ते अगदी स्वाभाविक वाटतं.

गूगलवर शोधायला हवं होतं, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे हाताशी असलेले शब्दच टाकणार ना? इथे नेमका तोच बदललेला. त्यात १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘जळांत’वर अनुस्वार.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात. निव्वळ त्या तुकड्यावर ‘नक्की’ म्हणणं घाईचं ठरलं असतं, आणि माझा लेख वाचून तसंच वाटतं. राहिलेलं सांगतो. ‘आणखी काय दिसतं?’ असं मी आजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘शेतातून गेलेली पांढरी वाट.’ मग मी फोनवर कविता पहिल्यापासून वाचायला घेतली. ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’ इथे श्वास घ्यायला थांबलो, तर पलीकडून हळू आवाजात पुढची ओळ आली: ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर...’