ग्रीसच्या पट्ट्याने मोसंबीवरची अळी थांबत नाही

जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर भागातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: पावसाळ्याआधी खोडाला चार बोटं रुंद ग्रीसचा पट्टा मारा, अळी जमिनीतून वर चढते ती तिथेच चिकटून मरते, कुठल्याही फळझाडाला चालतं, खोडात छिद्र दिसलं तर डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक ओता, वर्षभर फवारणीचा खर्च नाही. लोक ग्रीसचे डबे आणायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अळी जमिनीतून चढते.’ सगळी गडबड इथेच आहे. मोसंबीची नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, फस्त करते ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मादी उडत येते आणि कोवळ्या पानावर एकेक गोल, पिवळसर अंडं घालते. लहान अळी काळपट-पांढरी, अगदी पाखराच्या विष्ठेसारखी, त्यामुळे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी. काडीने डिवचून बघा, डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. कोषसुद्धा फांदीलाच धाग्याने बांधलेला असतो. अंड्यापासून कोषापर्यंत ती झाडावरच. खोडावरच्या पट्ट्याशी तिची गाठ पडणार कधी? नागअळीचंही तेच. पतंग पानावर अंडं घालतो, अळी पापुद्र्याखाली चंदेरी, नागमोडी रेघ ओढत जाते आणि लिंबावर त्याच जखमेतून खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग शिरतो.

पट्ट्याची शिफारस खरी आहे, पण ती आंब्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी. त्याची अंडी बुंध्याजवळच्या मातीत असतात आणि पिल्लं हिवाळ्यात खोडावरून चढतात. तिथेही आधी प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात आणि ग्रीस तिच्यावर लावतात. थेट सालीवर फासलं तर कोवळ्या झाडाच्या सालीला इजा होते.

‘कुठल्याही झाडाला चालतं.’ डाळिंबावरची सुरसा अळी घ्या. तिचं फुलपाखरू फुलावर आणि लहान फळावर अंडं घालतं, अळी तिथूनच फळात घुसते. छिद्रातून विष्ठा दिसली, वास आला की ते फळ तोडून नष्ट करायचं. आत गेलेल्या अळीपर्यंत फवाराही पोचत नाही. मोसंबीच्या फळगळीत तर आणखी वेगळं घडतं. रस शोषणारा पतंग रात्री पिकत्या फळात सोंड खुपसतो. त्याची अळी मोसंबीच्या झाडावर नसतेच, ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. कोरोनाच्या काळात काहींनी औषधी म्हणून बागेला लागूनच गुळवेल लावली. वेल हवीच असेल तर घराजवळ लावा, बागेच्या कडेला नको. गळलेली फळंही रोज वेचून बागेबाहेर न्या.

‘छिद्रात डायक्लोरव्हॉस ओता.’ या औषधावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे; आदेश 2018चा. कुणाच्या घरात जुनी बाटली पडून असेल तरी ती वापरू नका. साल खाणारी अळी दिवसा छिद्रात बसते आणि रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. तिची खूण म्हणजे खोडावरची विष्ठा आणि भुश्शाची जाळी. जाळी खरडून काढा, छिद्रात तार घालून अळी चेचा, मग पेट्रोलात भिजवलेला बोळा कोंबून चिखलाने लिंपा. दाट, दुर्लक्षित जुन्या बागांत ही जास्त, म्हणून छाटणी महत्त्वाची.

‘फवारणीचा खर्च नाही.’ नवती फुटली की आठवड्याला पानं उलटून बघितली आणि अळ्या हाताने वेचल्या, तर लहान बागेत हा खर्च खरोखर कमी होतो. त्यातूनही अळ्या राहिल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी पावडरचा अर्क. नाहीतर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, लेबलवरच्या मात्रेत. हे जिवाणू औषध अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं आणि उन्हाने लवकर निकामी होतं. म्हणून संध्याकाळी, पानं दोन्ही बाजूंनी ओली होतील असं, अळ्या लहान असतानाच मारा. अळी तासाभरात टपकणार नाही. ती आधी खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. तेवढ्यात ‘औषध बोगस निघालं’ म्हणून दुसऱ्या दिवशी कडक कीटकनाशकाचा पंप भरू नका.