म्यूज घर भाड्याने घेताय? फोटोआधी नकाशा मागा

लंडनला आठवडाभर जाणारी कुटुंबं हल्ली हॉटेलच्या दोन खोल्या घेण्याऐवजी म्यूजमधलं, म्हणजे जुन्या तबेल्यांच्या बोळातलं, घर शोधतात. दगडी फरसबंदीचा बोळ, निळं किंवा गुलाबी दार, खिडकीत फुलांच्या कुंड्या, भिंतीवर चढलेला वेल. हे सगळं खरंच तसं असतं. माझं मत असं की चार ते सहा माणसं असतील आणि मुक्काम किमान चार रात्रींचा असेल, तर मध्य लंडनमध्ये याच्यासारखी दुसरी सोय नाही. पण ते घर मुळात तबेला म्हणून कसं बांधलं होतं, हे समजल्याशिवाय एक पौंडही भरू नका. या घरांमधलं सुख आणि त्रास, दोन्ही तिथूनच येतात.

१८व्या आणि १९व्या शतकात मेफेअर, मॅरिलबोन, बेल्ग्रेव्हिया, केन्सिंग्टन, बेजवॉटर या भागांत श्रीमंतांच्या उंच घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागे एक बोळ सोडलेला असे. बोळात तळाला घोडे आणि बग्गी, वर गवताचा माळा आणि गाडीवान-मोतद्दाराच्या खोल्या. आपल्या मोठ्या वाड्यातली पागा उचलून मागच्या गल्लीत नेऊन ठेवावी, तसा हा प्रकार. मोटारी आल्या तशी तबेल्यांची गॅरेजं झाली आणि पुढे गॅरेजांची घरं. मागची भिंत मालकाच्या अंगणाला लागून, म्हणून तिकडे बहुतेक खिडक्या नाहीतच. सगळा उजेड आणि वारा पुढच्या बाजूने आणि छपरातल्या झरोक्यातून. प्रत्येक मजला लहान, त्यामुळे घर उभं वाढलेलं. एका मजल्यावर एखाद-दोन खोल्या, आणि मध्ये चढा, अरुंद जिना.

खरी गोम या जिन्यात आहे. तीन बेडरूमच्या म्यूज घरात एक बेडरूम तळाला, स्वयंपाकघर आणि बसायची खोली पहिल्या मजल्यावर, उरलेल्या दोन बेडरूम उतरत्या छपराखाली, अशी मांडणी नेहमी दिसते. आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना तळाची खोली द्यायची असं आपण गृहीत धरतो. पण त्या मजल्यावर संडास-बाथरूम आहे का? नसेल तर रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी तो जिना चढावा लागेल, आणि सकाळच्या चहालाही वरच. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा आहे का, वळणावर त्रिकोणी पायऱ्या आहेत का, हेही विचारा. त्रिकोणी पायरीच्या आतल्या टोकावर पाऊल पुरतं मावत नाही, आणि उतरताना पडणारी माणसं तिथेच पडतात. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांसाठी माझा नियम सरळ आहे: पलंग आणि संडास एकाच मजल्यावर नसेल तर ते घर कितीही सुंदर असो, सोडून द्या आणि लिफ्टचं हॉटेल घ्या.

मालकाला नकाशा मागा, आणि प्रत्येक मजल्यावर काय आहे ते लिहून घ्या. नकाशा आला नाही तरी मार्ग आहेत. ही घरं अधूनमधून विकली जातात, त्यामुळे गल्लीचं नाव आणि पोस्टकोड टाकून राइटमूव्ह किंवा झूप्ला या घरविक्रीच्या संकेतस्थळांवर शोधलं तर जुन्या विक्रीच्या जाहिरातीत मजल्यांचा आराखडा मापांसह सापडू शकतो. दुसरं, इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची नोंद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. त्यात घराचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, गरम करण्याची पद्धत, खिडक्यांना दुहेरी काच आहे की एकेरी, सगळं लिहिलेलं असतं. ‘सहा जणांसाठी प्रशस्त’ असं लिहिलेलं घर प्रत्यक्षात ६५ चौरस मीटरचं निघालं, तर सहावा माणूस सोफ्यावर झोपणार हे पैसे भरण्याआधी कळतं. ही पाच मिनिटांची तपासणी बहुतेक लोक करत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण वर्षभर पैसे साठवून आखलेली सहल असते ती.

उजेडाचा विचार ऋतूप्रमाणे करा. जूनमध्ये लंडनला पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री नवाच्या पुढे मावळतो. छपराखालच्या खोलीत झरोक्याला काळा पडदा नसेल तर पहाटे साडेचारला मुलं जागी होतात. डिसेंबरात उलट, दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त, आणि घर उत्तरेकडे तोंड करून असेल तर दिवसाही दिवे लागतात. उकाड्याला हसण्यावारी नेऊ नका. १९ जुलै २०२२ ला हीथ्रोवर पारा ४० अंशांच्या वर गेला होता. स्लेटच्या छपराखालची खोली अशा दिवसांत तापते, बहुतेक घरांत एसी नसतो, पंखा लटकवायला उंची नसते आणि मागे खिडकी नसल्याने वारा आरपार जात नाही. जुलै-ऑगस्टचं बुकिंग असेल तर टेबलफॅन किती आहेत ते आधी विचारा.

भाग कोणता निवडावा? पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी पॅडिंग्टन-बेजवॉटर सांगते. एलिझाबेथ लाइनने हीथ्रोहून गाडी न बदलता पॅडिंग्टनला येता येतं, स्टेशनला लिफ्ट आहेत, आणि हाइड पार्क चालत गाठता येतं. लहान मुलांसाठी साउथ केन्सिंग्टन, कारण नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) ही तिन्ही संग्रहालयं शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. मॅरिलबोन महाग, पण बेकर स्ट्रीटहून ज्युबिली लाइनने डॉलिस हिलला थेट जाता येतं, म्हणजे महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम असेल तर सोयीचं. प्रिमरोज हिलच्या १०, किंग हेन्रीज रोड या बाबासाहेबांच्या घरासाठी नॉर्दर्न लाइनवरचं चॉक फार्म जवळ पडतं. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. लंडनला जाऊन ते न बघता परत येऊ नये. बेल्ग्रेव्हिया दिसायला सर्वांत देखणा, पण रात्री दूध-ब्रेड आणायला बरंच चालावं लागतं.

गल्लीतच काय आहे तेही नकाशावर बघा. क्वीन्स गेट म्यूज आणि बेलग्रेव्ह म्यूज वेस्ट या दोन्ही ठिकाणी पब आहेत. उन्हाळ्यात लोक पेले घेऊन बाहेर उभे राहतात, आणि बोळ दोन्ही बाजूंनी भिंतींचा असल्याने आवाज घुमतो. बाथर्स्ट म्यूजमध्ये आजही घोडेस्वारीचे तबेले आहेत. मुलांना टापांचा आवाज ऐकून आनंद होईल, पण ज्याला वासाचा त्रास होतो त्याने दुसरी गल्ली शोधावी. कायनान्स म्यूजसारख्या प्रसिद्ध ठिकाणी दिवसभर फोटो काढणारे येतात. तिथे दारापुढे फुटपाथ नसतो, तळमजल्याची खिडकी थेट रस्त्यावर उघडते, त्यामुळे पडदे सतत ओढलेले ठेवावे लागतात.

पत्त्यात घोटाळा होतो तो नावांमुळे. क्वीन्स गेट, क्वीन्स गेट म्यूज, क्वीन्स गेट प्लेस म्यूज आणि क्वीन्स गेट टेरेस हे चारही वेगळे रस्ते, आणि चारही एकाच परिसरात. ड्रायव्हरला नाव न सांगता पूर्ण पोस्टकोड दाखवा. काही म्यूजच्या तोंडाशी कमान, फाटक किंवा खांब असतात. बरेच बोळ पुढे बंद असतात, त्यामुळे अ‍ॅपवरची टॅक्सी आत यायला कुरकुरते आणि सामान तोंडाशीच उतरवते. काळी टॅक्सी फार कमी जागेत वळते, म्हणून सामान जास्त असेल तर तीच घ्या. पुढचे पन्नास मीटर ग्रॅनाइटच्या दगडांवरून. चार छोट्या चाकांच्या बॅगांची चाकं त्या फटींत अडकून तुटतात. मोठ्या चाकांची बॅग दोन चाकांवर तिरकी करून ओढावी, आणि रात्री साडेदहानंतर ओढूच नये, उचलावी. दोन्ही बाजूंच्या घरांत तो खडखडाट थेट पलंगापर्यंत जातो.

घर साधारण दुपारी तीन-चारला ताब्यात मिळतं, आणि मुंबईचं विमान सकाळी उतरत असेल तर मधले तास लटकायला होतं. सामान आधी ठेवू देतील का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. रविवारी पोहोचणार असाल तर किराणा आधी करा: इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं राहता येतं, तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातच. छोटी दुकानं उघडी असतात, पण महाग.

किल्ली बहुतेक दारापाशी अंकांच्या पेटीत असते. दाराला दोन कुलुपं असतात. वरचं लॅच दार ओढलं की आपोआप लागतं, म्हणजे कचरा टाकायला किल्लीशिवाय बाहेर गेलात की अडकलात. खालचं कुलूप किल्लीने फिरवायचं. पण घरात कुणी झोपलेलं असताना ते बाहेरून कधीच लावू नका. मागे दार नाही, आग लागली तर सुटकेची वाट तीच एक. पोहोचल्यावर धुराचे अलार्म दाबून बघा, आणि गॅसचा बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही.

आता स्वयंपाक. म्यूज घर घेण्याचं आपल्या लोकांचं खरं कारण हेच असतं. शेगडी बहुतेक इंडक्शनची. अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं, म्हणून तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर आणि बिडाचा छोटा तवा न्या. वीज २३० व्होल्टचीच आहे, फक्त तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांना अडचण नाही. कढीपत्ता, तूप, डाळी युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर मिळतात. भरपूर खरेदी असेल तर साउथॉल किंवा वेम्बली.

फोडणीने अलार्म वाजतो, कारण स्वयंपाकघर उघडं असतं आणि जिना तिथूनच वर जातो. अशा वेळी लोक घाईने छपराचा झरोका उघडतात, आणि तिथेच चूक होते. गरम हवा जिन्यातून वर खेचली जाते आणि धूर थेट वरच्या अलार्मपाशी पोहोचतो. शेगडीवरचा पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावा, समोरची खिडकी उघडा, झरोका बंद ठेवा. काही पंखे हवा बाहेर टाकतच नाहीत, गाळून घरातच सोडतात. तसा असेल तर मिरचीची फोडणी टाळलेलीच बरी. अलार्मवर टॉवेल किंवा चिकटपट्टी लावू नका. एका जिन्याच्या घरात तो अलार्म म्हणजे वर झोपलेल्या मुलांचा जीव आहे.

पाण्याचं गणित वेगळं. कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा, असेल तर गरम पाणी संपत नाही, पण दोन बाथरूमचे शॉवर एकदम सुरू केले की दोन्हीकडे धार मंदावते. टाकीची पद्धत असेल तर दोन्ही चालतात, पण तिसऱ्या-चौथ्या माणसाला पाणी गार येतं आणि पुन्हा तापायला अर्धा-एक तास लागतो. बॉयलरच्या काट्यावर दाब १ बारच्या खाली गेला तर तो बंद पडू शकतो. नळ्यांशी खेळ न करता व्यवस्थापकाला फोन करा. वॉशिंग मशीन कपडे वाळवतंही, पण धुतलेल्यांपैकी निम्मेच एका वेळी टाका, नाहीतर पाच तासांनीही ओले निघतात.

शेवटी कायद्याचं. ग्रेटर लंडनमध्ये राहतं घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त पर्यटकांना द्यायचं तर नियोजन परवानगी लागते. हा नियम योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. दहा घरांच्या गल्लीत सहा घरांतले लोक दर चार दिवसांनी बदलत असतील, तर उरलेल्या चौघांना शेजार राहत नाही. शिवाय नियम पाळणारं घर घेण्यात आपलाही फायदा आहे: परवानगी नसताना, किंवा भाडेकरारात वा गल्लीच्या नियमांत मनाई असताना दिलेलं घर तक्रार होऊन ऐन वेळी रद्द होऊ शकतं. वर्षभर उपलब्ध दिसणाऱ्या घराच्या मालकाला परवानगीबद्दल सरळ विचारा. तेच फोटो दुसरीकडे निम्म्या भावात दिसले आणि थेट बँकेत पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा. भाव बघताना सफाईचं शुल्क धरून एकूण रकमेला रात्रींनी आणि माणसांनी भागा. दोन रात्रींसाठी हे शुल्कच सगळा फायदा खाऊन टाकतं.

कचऱ्याचे दिवस आणि वेळ घरातल्या माहितीपत्रात असतात. चुकीच्या दिवशी पिशवी बाहेर ठेवली तर कोल्हे फाडतात आणि दंडही होऊ शकतो. निघायचा दिवस कचऱ्याचा नसेल तर पिशव्या कुठे ठेवायच्या, ते आदल्या दिवशी व्यवस्थापकाला विचारून घ्या.