ओढ्याला नेमाने येणारी माणसं हवीत

शहरातल्या ओढ्यासाठी काही करायचं म्हटलं की डोळ्यासमोर येते ती सफाई मोहीम. हातमोजे, पोती, प्लास्टिकचा ढीग, शेवटी सगळ्यांचा फोटो. मोहिमा जरूर व्हाव्यात, नवी माणसं त्यातूनच जोडली जातात. पण ओढा जगतो तो नंतरही नेमाने येत राहणाऱ्या चार-पाच जणांमुळे, हे माझं ठाम मत आहे.

काठावर रोपं लावायला खूप हात मिळतात. पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्याभोवतीचं तण उपटायला, वर चढलेले वेल सोडवायला, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायला कोण येतं? खरं काम ते आहे. शहरात डांबर आणि काँक्रीटमुळे पाणी मुरत नाही, थोड्या पावसातही ओढ्याला लोंढा येतो, काठ खचतात आणि पात्र खोल खोल होत जातं. ती माती मुळांनी धरून ठेवायची, तर आधी मुळांना वेळ मिळायला हवा.

आणि एक काम मला फार मोलाचं वाटतं: दगड उलटून बघणं. उथळ, खळाळत्या पाण्यातला एखादा दगड अलगद उचलावा. खालच्या बाजूला कधी वाळूचे कण चिकटवून केलेली बारीकशी नळी दिसते. आत कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याची अळी असते. शेजारी मेफ्लाय या दुसऱ्या किड्याचं पिल्लू, पोटाच्या दोन्ही कडांचे कल्ले हलवत. पाण्यात भरपूर प्राणवायू असेल तरच हे जीव टिकतात. ते नाहीसे झाले आणि गाळात नुसत्या लाल अळ्या उरल्या, तर वरून कुठून तरी सांडपाणी येत असल्याची शंका घ्यावी. त्या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. (दगड होता तसाच परत ठेवायचा, हे मुलांना आधी सांगावं.)

असं नेमाने बघून नोंदी ठेवण्याचं मोल काय, ते अमेरिकेत सिएटलला दिसलं. तिथले ओढे सुधारले, कोहो सॅमन मासे परतले, पण पाऊस पडला की पोटात अंडी असलेल्या माद्या अंडी घालण्याआधीच मरायच्या. संशोधक आणि स्वयंसेवक मेलेले मासे मोजत राहिले. अखेर २०२० साली उलगडा झाला. टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात त्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन एक जहाल विष बनतं, आणि रस्त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी ते ओढ्यात आणतं. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं, तर मासे जगतात, हेही प्रयोगांत दिसलं. म्हणजे रस्त्याकडेला पाणी मुरवणारा खोलगट वाफा करणं हीसुद्धा ओढ्याचीच सेवा.

एक गोष्ट मात्र स्वयंसेवकांच्या गळ्यात मारू नये. पावसाच्या गटाराला चुकून जोडलेली मैल्याची नळी शोधून बंद करणं हे प्रशासनाचंच काम आहे. आम्ही पाण्याचा रंग, वास, अळ्या, फेस, तारीख, जागा सगळं लिहून देऊ. ते वाचणारा एक जबाबदार माणूस नेमा आणि नोंद दिल्यावर काय केलं, ते आम्हाला लेखी कळवा.